सुई खाली ठेवा, साहेब

मागच्या लेखात मी हलक्या तंबूंवर लिहिलं होतं. चार पानांच्या त्या लेखात एकच वाक्य असं होतं : 'सिलिकॉनच्या कापडाच्या तंबूला डासांची जाळी शिवू नका, चिकटवा.' बाकीचा मजकूर कुणी वाचला की नाही, देव जाणे. त्या वाक्यावर मात्र फोनवर फोन आले. बहुतेक निवृत्त मंडळींचे. एका सुभेदारसाहेबांनी तर साताऱ्याहून फोन करून मला फैलावर घेतलं. "साहेब, रंगरूट भरती झाला की त्याच्या हातात पहिल्या आठवड्यात सुईदोरा देतात. बटण तुटलं, शिव. पट्टा उसवला, शिव. आणि तुम्ही अधिकारी होऊन लोकांना डिंक लावायला सांगता?"

सुभेदारसाहेबांना मी तेव्हा "बरोबर आहे तुमचं" म्हणालो. फौजेत जेसीओला फोनवर उलट बोलायचं नसतं, हे मी लेफ्टनंट असतानाच शिकलो. पण ते बरोबर नव्हतं. का नव्हतं, ते आज सविस्तर लिहितो. लिहितोय बन्नूरहून, कारण या वादाचा निकाल लावायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

बन्नूर म्हैसूरपासून पंचवीस-एक किलोमीटरवर. बाहेरच्यांना हे गाव मेंढ्यांमुळे ठाऊक आहे. बुटकी, गुबगुबीत जनावरं; त्यांच्या मटणाचं नाव निघालं की बंगळुरूचा खवय्या सावरून बसतो. गावाभोवती कावेरी आणि तिच्या कालव्यांचं पाणी. जिकडे पाहावं तिकडे भात आणि ऊस. दिवसा डोळे निवतात. संध्याकाळी सहानंतर मात्र त्याच भातखाचरांतून डासांची पलटण उठते. मी ज्यांच्या बांधावर तंबू ठोकला होता, त्या शेतकऱ्याने माझ्या जाळीकडे बोट दाखवून मान डोलावली. "सोळ्ळे परदे," तो म्हणाला. डासांचा पडदा. कानडीत जाळीला पडदाच म्हणतात, आणि मला ते आपल्या 'मच्छरदाणी'पेक्षा नेमकं वाटलं. हा शोभेचा पडदा नव्हे. बाहेर शत्रू आणि आत माणूस, मध्ये तेवढाच आडोसा.

शत्रू म्हटलं तर कुणाला हसू येईल. हसू नये. बन्नूरहून पंचवीस-तीस किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. पलीकडच्या काठाला अरकेरे. १५ मे १७९१ रोजी कॉर्नवॉलिस आणि टिपू तिथे भिडले. कॉर्नवॉलिस लढाई जिंकला, पण पाऊस, उपासमार आणि मरणारे बैल यांच्यापुढे हरला. कन्नंबाडीला त्याने स्वतःच्या जड तोफा स्वतःच फोडल्या आणि माघारी वळला. त्या उपाशी फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठी लष्कर भेटलं, त्यांचा भरलेला बाजार भेटला, म्हणून ती जगली. आपल्या लोकांच्या राहुट्या तेव्हा याच मुलखात पडल्या होत्या. पुढे १७९९मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतलं. जो किल्ला त्यांनी इतकी वर्षं धडका देऊन मिळवला, तिथून त्यांना मुक्काम हलवावा लागला. हलवला कुणी? टिपूच्या कुठल्या वारसाने नाही, तापाने. १८०९मध्ये छावणी बंगळुरूला गेली. हवा वाईट म्हणून ताप येतो, अशी तेव्हाची समजूत होती. डास हा गुन्हेगार आहे हे सिद्ध व्हायला २० ऑगस्ट १८९७ उजाडावा लागला, आणि ते सिद्ध करणारा रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टरच होता, आपल्या सिकंदराबादेत.

आता दुसरी गोष्ट, जी प्रत्येक फौजी माणसाला पाठ असायला हवी. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४३ साली, जनरल स्लिम आपल्या 'डिफीट इंटू व्हिक्टरी' या पुस्तकात सांगतात त्याप्रमाणे, जखमी होऊन मागे न्यावा लागलेल्या प्रत्येक सैनिकामागे आजारी पडून मागे न्यावे लागलेले १२० होते. त्यात मलेरिया सगळ्यांत पुढे. स्लिम यांनी मेपाक्रिनच्या गोळ्या जवान खरोखर गिळतात की नाही, याच्या अचानक तपासण्या लावल्या. ज्या पलटणींत हयगय दिसली, तिथल्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवलं. असे तीन गेल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला. डास हा डॉक्टरचा विषय नाही, कमांडरचा विषय आहे, हा तो अर्थ.

मला तो उशिरा कळला. आठेक वर्षांपूर्वी ईशान्येत एका लांब पल्ल्याच्या पायी मोहिमेचा मी म्होरक्या होतो. आठ माणसं, दहा दिवस, सगळं ओझं पाठीवर. वजन कमी करायचं म्हणून मी तंबूंचे आतले जाळीचे थर काढून स्टोअरमध्ये ठेवायला लावले. माणशी साधारण सातशे ग्रॅम वाचले. वर मी म्हणालोही, "फौजी माणसाला डास काय करणार?" मोहीम छान झाली. फोटो छान आले. परतल्यावर अकराव्या दिवशी एका नाईकाला थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी तो बायकोला ओळखेना. फाल्सिपेरम, मेंदूपर्यंत चढलेला. तो वाचला, डॉक्टरांमुळे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्याची बायको मला एकच प्रश्न विचारत होती, "साहेब, मच्छरदाणी नव्हती का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सातशे ग्रॅमचा हिशोब मात्र त्या बाकावर बसून मी पुन्हा केला, आणि तो आजपर्यंत मिटलेला नाही.

तेव्हा माझा पहिला झगडा सुईवाल्यांशी नाहीच. तो आहे जाळीच काढून टाकणाऱ्यांशी. हलक्या सामानाचं वेड हल्ली आपल्या सह्याद्रीतल्या भटक्यांपर्यंतही पोचलंय. थंड, कोरड्या, डास नसलेल्या डोंगरांतले लोक नुसतं वरचं छत घेऊन झोपतात, म्हणून आपणही झोपायचं. त्यांच्याकडे बर्फ आहे, आपल्याकडे भातखाचरं आहेत, हे विसरायचं. याच कर्नाटकात, कोलारमध्ये, जपानी मेंदूज्वराचा जो विषाणू सापडला, त्याच्यापासून पुढे आपली देशी लस तयार झाली. या रोगाचे डास भाताच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि सूर्य बुडाल्यावर बाहेर पडतात, म्हणजे बरोबर आपण चुलीवर भात चढवून गप्पा मारत बसतो तेव्हा. कॉइल? नायलॉनच्या तंबूत निखारा लावून झोपणाऱ्याला मी काय सांगू! मलम? काही तासांत उतरतं, आणि मध्यरात्री उठून पुन्हा चोपडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. जाळी झोपत नाही.

आता सुईवाले. हलका तंबू म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. जुन्या सुती राहुटीचं कापड पावसात भिजलं की धागे फुगायचे आणि सुईची भोकं आपोआप बुजायची. आपल्या आज्या-पणज्यांनी शिवलेली पालं म्हणूनच गळत नसत, आणि सुभेदारसाहेबांचा सुईवरचा विश्वास तिथूनच आलेला आहे. तो विश्वास खोटा नाही, पण तो त्या कापडाचा आहे. आजच्या तंबूचं छत म्हणजे दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं पातळ नायलॉन, चौरस मीटरला चाळीस-पन्नास ग्रॅम. ते फुगत नाही. त्यात सुई गेली की भोक भोकच राहतं, आणि दोरी ताणली की गोल भोकाचं लांबट होतं.

भोकं किती? हिशोब करा. एका माणसाच्या तंबूचा घेर साधारण सहा मीटर. टेलरमास्तरांचं मशीन सेंटिमीटरला तीन टाके घालतं. म्हणजे अठराशे भोकं. ज्या कापडासाठी आपण पदरचे हजारो रुपये मोजले, ते पाणी अडवतं म्हणून मोजले, त्यालाच अठराशे वेळा टोचायचं.

यावर उत्तर ठरलेलं असतं : "मग छताच्या अगदी खालच्या काठाला शिवा. तिथे कडेला आधीच शिवण असते, आणि तिथून गळलं तर जमिनीवर गळेल." हे ऐकायला बिनतोड वाटतं. मीही एक पावसाळा तसंच केलं. पण काठ म्हणजे तंबूची सगळ्यांत घाणेरडी जागा. वरून ओघळणारं पाणी तिथे येतं, जमिनीवरून उडणारा चिखल तिथे येतो. काठाला लावलेली जाळी वातीसारखं पाणी आत ओढते, चिखलाने तिची भोकं बुजतात, वारा बंद होतो, आणि पहाटे आतून दव टपकायला लागतं. जाळी लावायची ती छताच्या आतल्या अंगाला, काठापासून वीतभर वर. म्हणजे काठ तिच्यावर वळचणीसारखा राहतो, पाऊस बाहेर पडतो आणि वारा खालून फिरतो. पण ही वीतभर वरची जागा म्हणजे छताचा मोकळा उतार. त्यावरून पाणी वाहतं. तिथे सुई चालत नाही. तिथे चिकटवणंच आलं.

"टाके घालून वरून सीलंट फासा," हे दुसरं उत्तर. म्हणजे आधी अठराशे भोकं पाडायची आणि मग तीच सिलिकॉनची ट्यूब आणून एकेक बुजवायचं. ट्यूब आणायचीच आहे, तर भोकं पाडायची कशाला?

आता चिकटवणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. सुईवाल्यांचा चिकटवण्यावर राग आहे, तो निम्मा तरी आपणच ओढवून घेतलाय. लोक घरात सापडेल ते लावतात. लाकडाचा पांढरा डिंक, चपलेचं सोल्यूशन, एका थेंबात चिकटणारं ते औषध, गरम करून लावायची कांडी. यातलं काहीही सिलिकॉनवर धरत नाही. सिलिकॉन हा तव्यावरच्या तेलासारखा आहे, सगळ्यांना निसटू देतो. त्याला फक्त सिलिकॉनच चिकटतं. हार्डवेअरच्या दुकानात खिडक्यांच्या काचांना लावायचं पारदर्शक, शुद्ध सिलिकॉन सीलंट मिळतं. ज्याला ओलं असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते चालतं. ज्यावर रंग देता येतो असं लिहिलेलं असतं, ते ॲक्रिलिक मिसळलेलं, ते नको.

इथेच आणखी एक फसगत आहे. पुष्कळ तंबू बाहेरून सिलिकॉनचे आणि आतून पॉलियुरेथेनचे असतात. जाळी आपण आतून लावतो. त्या बाजूला सिलिकॉन लावलं तर ते वाळेल आणि पापुद्र्यासारखं सोलून येईल. ओळखायचं कसं? आतल्या शिवणींवर कारखान्यातून बसवलेली पारदर्शक पट्टी दिसत असेल, तर आतली बाजू पॉलियुरेथेनची समजा. ती पट्टी सिलिकॉनवर बसतच नाही. अशा तंबूला पॉलियुरेथेनचाच चिकट हवा. आधी कापडाची जात ओळखा, मग ट्यूब उघडा.

आणि आता मुद्द्याचा मुद्दा, जिथे मी सुभेदारसाहेबांना अर्धा विजय देतो. जाळी थेट छताला चिकटवू नका. जाळी म्हणजे भोकंच भोकं. चिकटायला तिच्याकडे अंगच नाही. शिवाय चिकटवलेला जोड सरळ घसरवून ओढला तर बैल लावले तरी निघत नाही, पण कडेने सोलला तर लहान पोर काढतं. भिंतीवरचं कॅलेंडर आठवा : खाली ओढलं तर फाटेल पण निघणार नाही, कोपऱ्यातून सोललं की झालं. म्हणून त्याच सिलिकॉनच्या कापडाची चार सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची. जाळी त्या पट्टीला शिवायची. हो, शिवायची, सुईदोऱ्याने, पॉलिस्टरच्या दोऱ्याने, दोन ओळींत. भोकं पडली तर पट्टीला पडतील, छताला नाहीत. मग ती पट्टी छताला चिकटवायची, अशी की जाळी पट्टीच्या खालच्या कडेकडून लोंबेल आणि ओढ सरळ खाली बसेल, सोलण्याची नाही.

पद्धत सोपी आहे. दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. सिलिकॉन पातळ न करता जुन्या एटीएम कार्डाने कागदाएवढा पातळ थर द्या. पट्टी बसवा, हवेचे बुडबुडे काढा, वर फळी आणि फळीवर पुस्तकं. चोवीस तास हात लावायचा नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, त्यामुळे आपल्याकडचा दमटपणा इथे मदतच करतो. वास गेला की काम झालं. कडेला उरलेल्या चिकटपणावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा. जाळी ताणू नका. नायलॉनचं छत ओलं झालं की सैल पडतं, पुन्हा वाळलं की आवळतं. ताणलेली जाळी प्रत्येक वेळी जोडाला हिसका देते. जाळी सैल लोंबू द्या, आणि जमिनीवर वीतभर जास्तीची पसरून ती अंथरलेल्या चादरीखाली खोचा. अंग मात्र जाळीला टेकू देऊ नका; टेकलेल्या कोपरातून डास जाळीबाहेर बसूनही जेवतो. माझ्या एका माणसाच्या तंबूला जाळी, पट्टी आणि सिलिकॉन मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर १३४ ग्रॅम भरले. ईशान्येत मी सातशे ग्रॅम वाचवले होते.

बन्नूरला आम्ही दोघे होतो. मी आणि एक तरुण कॅप्टन, जो सुईवाल्यांच्या पक्षाचा. श्रीरंगपट्टणहून कावेरीच्या कडेकडेने चालत सोमनाथपूर पाहून तलकाडला जायचं, एवढाच बेत. त्याने पलटणीच्या टेलरकडून छताच्या उतारावर जाळी शिवून घेतली होती, शिवण पाहत राहावी इतकी सुबक. रात्री अकराला पाऊस आला, दोन तास जोराचा. पहाटे त्याच्या तंबूत शिवणीच्या रेषेवर थेंबांची माळ लागलेली, आणि झोपायची पिशवी पायाकडून ओली. माझा तंबू कोरडा होता. पण प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या जाळीची पट्टीही एका कोपऱ्यात दोन बोटं सुटली होती. नेमकी तिथेच, जिथे मी घाईत जाळी ताणून खुंटीला बांधली होती. जोड सोलला गेला होता. जे दुसऱ्यांना शिकवतो तेच मी मोडलं होतं. त्या फटीतून तीन डास आत आले. सकाळी मी मोजले. पोटं भरल्यामुळे त्यांना पळता येत नव्हतं.

कॅप्टनने सुई काढली आणि माझी सुटलेली पट्टी चार टाक्यांत तात्पुरती अडकवून दिली. मग मिस्कीलपणे म्हणाला, "सर, सिलिकॉन वाळायला चोवीस तास, आणि आज रात्रीचे डास सहाला." मी कबूल केलं. वाटेवरची मलमपट्टी सुईनेच होते. सुई खिशात असलीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की ती छतात घुसता कामा नये.

तेव्हा सुभेदारसाहेब, सुईदोरा टाकून द्या असं मी म्हणत नाही. पट्टीला शिवा, छताला चिकटवा. पण या सगळ्या वादात मला खरी भीती वेगळीच आहे. टाका की चिकट, यावर भांडत बसायचं आणि शेवटी कंटाळून जाळीविनाच निघायचं, हे मी पाहिलंय. तुमच्या घरचा पोरगा, नातू, भाचा पुढच्या शनिवारी गडावर निघेल. त्याच्या पिशवीत किती ग्रॅम आहेत हे तो तुम्हाला कौतुकाने सांगेल. त्याला एकच विचारा, जे मला त्या बाकावर विचारलं गेलं होतं. फक्त निघायच्या आधी विचारा.